फरामोशखान्यातील हास्य

लॉरेन्स डर्मॉट हा मूळचा आयरिश, धंद्याने रंगारी. १७५२ साली तो लंडनमधील फ्रीमेसनांच्या एका नव्या संघाचा चिटणीस झाला आणि १७५६ मध्ये त्याने आपल्या संघासाठी एक नियमग्रंथ प्रसिद्ध केला. 'अहिमान रेझोन' हे त्याचे हिब्रू धाटणीचे नाव. त्याचा नेमका अर्थ काय, यावर जाणकारांचे अद्याप एकमत झालेले नाही. ग्रंथाच्या आरंभी डर्मॉट मोठ्या गंभीरपणे सांगतो की, मेसन संप्रदायाचा सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा इतिहास लिहिण्याचा आपण संकल्प केला होता. कागद, शाई, लेखण्या अशी सारी सिद्धता झाली, आपण लिहावयास बसलो आणि डोळा लागला. स्वप्नात जेरुसलेमच्या मंदिराचे प्राचीन द्वारपाल भेटीस आले, त्यांच्याशी पुष्कळ संभाषण झाले. जाग आली तेव्हा कुत्र्याचे एक पिल्लू खोलीत शिरून हस्तलिखिताचा बराचसा भाग फस्त करून बसले होते. हा अपशकुन मानून आपण इतिहासलेखनाचा नाद सोडून दिला!

हा टोला कोणाला होता, हे त्या काळच्या वाचकांना सांगावे लागले नाही. १७१७ मध्ये लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन जी पहिली ग्रँड लॉज स्थापन केली, तिच्यासाठी जेम्स अँडरसन या धर्मोपदेशकाने १७२३ मध्ये घटना लिहिली होती आणि तिच्यात मेसन संप्रदायाची परंपरा थेट आदमपर्यंत नेऊन भिडविली होती. डर्मॉट स्वतः कट्टर मेसन होता. तरीही संप्रदायाच्या या फुगवलेल्या वंशावळीला त्याने कुत्र्याच्या पिल्लाच्या स्वाधीन केले. आतल्याच माणसाने आतल्या बडेजावाची केलेली ही थट्टा फ्रीमेसनांच्या विनोदाचा एक जुना आणि निर्मळ नमुना आहे.

फ्रीमेसन म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात गूढ, कट, गुप्त शपथा अशा कल्पना उभ्या राहतात. लॉज म्हणजे मेसनांची स्थानिक शाखा, आणि तिचे दालनही. दगड घडविणाऱ्या पाथरवटांच्या जुन्या व्यवसायसंघांचे रूपक घेऊन हा संप्रदाय उभा राहिला. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ ही गवंड्याची अवजारे त्याने सदाचाराची प्रतीके म्हणून स्वीकारली, आणि शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा तीन पायऱ्यांनी सभासदाला दीक्षा देण्याचा विधी रचला. या विधीतील रहस्यांविषयी उदंड लिहिले गेले आहे. परंतु त्या बंद दाराआड खरोखर जी भीती वावरते ती निराळीच आहे. ती आहे पाठांतर विसरण्याची भीती.

पाठभेदांचे मूळ

विधीचे शब्द लिहून ठेवू नयेत, ते मुखातून कानाकडे जावेत, असा या संप्रदायाचा मूळ दंडक. ज्या देशात वेद शतकानुशतके मौखिक परंपरेने टिकले, तेथील वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. परंतु वेदपाठाला पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी कडेकोट तटबंदी होती. मेसनांपाशी होते ते महिन्याकाठी एक संध्याकाळ जमणारे व्यापारी, वकील, सैनिक आणि दुकानदार. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. तसा विधीही बदलत गेला, यात नवल नाही.

त्यात गौप्यस्फोटांची भर पडली. १७३० मध्ये सॅम्युअल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थाने तिन्ही पायऱ्यांचा विधी छापून सर्रास विकला. तोतयांना आवर घालण्यासाठी लंडनच्या ग्रँड लॉजने पुढे पहिल्या व दुसऱ्या पायरीच्या खुणेच्या शब्दांची अदलाबदल केली. चोर ओळखण्यासाठी घराचे कुलूप बदलावे आणि घरच्याच माणसांना बाहेर उभे राहावे लागावे, असा प्रकार झाला. जुने शब्द शिकलेले आयरिश मेसन लंडनला आले तेव्हा त्यांना ही फिरवाफिरव धर्मबाह्य वाटली. १७५१ मध्ये त्यांनी आपली वेगळी ग्रँड लॉज काढली. गंमत अशी की, या नव्या संघाने स्वतःला 'प्राचीन' म्हणवून घेतले आणि ३४ वर्षांनी वडील असलेल्या संघाला 'अर्वाचीन' हे नाव चिकटवले. ते नाव इतके घट्ट बसले की इतिहासकारही आज तेच वापरतात.

हा वाद ६२ वर्षे चालला. लग्नमंडपात दोन्हीकडचे गुरुजी एकमेकांच्या पोथ्यांकडे जसे पाहतात, तसे हे दोन संघ एकमेकांकडे पाहत राहिले. एका बाजूचा मेसन दुसऱ्या बाजूला गेला तर त्याला नव्याने दीक्षा घ्यावी लागे. अखेर २७ डिसेंबर १८१३ रोजी दोन्ही संघांचे मीलन झाले. त्या वेळी एका संघाचे प्रमुख ड्यूक ऑफ ससेक्स होते आणि दुसऱ्याचे ड्यूक ऑफ केंट. दोघेही राजे तिसरे जॉर्ज यांचे पुत्र. भाऊबंदकी मिटविण्यास सख्ख्या भावांचा उपयोग झाल्याचे उदाहरण इतिहासात विरळा!

एकच विधी सर्वत्र रूढ व्हावा म्हणून एक समेट-लॉज नेमण्यात आली. १८१६ पर्यंत तिने ठिकठिकाणच्या प्रतिनिधींना प्रात्यक्षिके करून दाखविली. पण लिहून घेण्याची मुभा नव्हतीच. प्रतिनिधी आपापल्या गावी गेले ते जेवढे स्मरले तेवढे घेऊन. परिणाम असा झाला की इंग्लंडमध्ये आजही 'इम्युलेशन', 'स्टॅबिलिटी', 'टेलर्स', 'लॉजिक' अशा अनेक पद्धती गुण्यागोविंदाने नांदत आहेत आणि ब्रिस्टल शहराने तर आपली आगळी रीत अभिमानाने जपली आहे.

चांदीची काडेपेटी

या पाठांतराच्या जगात यशापयशाचे मोजमापही मोठे गमतीदार आहे. लंडनमध्ये १८२३ साली स्थापन झालेल्या 'इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट'मध्ये जो सभासद एखादा संपूर्ण विधी एकही दुरुस्ती करावी न लागता म्हणून दाखवील, त्याला चांदीची काडेपेटी मिळते. वकिली वा बँकेची नोकरी सांभाळून, आगगाडीच्या डब्यात ओठ हलवीत पाठांतर करणारे प्रौढ गृहस्थ या काडेपेटीसाठी वर्षानुवर्षे झटतात. काडेपेटीपेक्षा अधिक मोठे बक्षीस ठेवले असते तर कदाचित या उद्योगातील गोडवाच नाहीसा झाला असता.

मेसनांचे स्वतःविषयीचे विनोद बहुतेक याच वातावरणातून निघालेले आहेत. शब्द अडला की चहूबाजूंनी एकदम सांगावयास सरसावणारे आणि प्रत्येकी निरनिराळा शब्द सांगणारे माजी अध्यक्ष, हे या विनोदातील ठराविक पात्र. दुसरे पात्र म्हणजे बदलाच्या नावाने दचकणारा जुना सभासद. लॉजमधील विजेचा दिवा बदलावयास किती मेसन लागतात, असा त्यांच्यात एक प्रश्न विचारतात. त्यावर जुना सभासद म्हणतो, 'बदलायचा? तो दिवा माझ्या आजोबांनी दिलेला आहे!' आपल्याकडील कोणत्याही वाचनालयाच्या, गणेशोत्सव मंडळाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही.

सरहद्द ओलांडली की भेद अधिक ठळक होतात. इंग्लंडमध्ये धर्मग्रंथ अध्यक्षासमोरील चौथऱ्यावर असतो. अमेरिकेत व स्कॉटलंडमध्ये तो दालनाच्या मध्यभागी असलेल्या वेदीवर ठेवतात. इंग्लंडमध्ये लॉजचे नित्याचे कामकाज पहिल्या पायरीवर चालते, म्हणजे नुकताच आलेला शिकाऊही तेथे बसू शकतो. अमेरिकेत १८४३ च्या बाल्टिमोर परिषदेनंतर ते तिसऱ्या पायरीवर चालविण्याची प्रथा पडली. अलीकडच्या दशकांत काही राज्यांनी ती सैल केली आहे. अमेरिकेत अध्यक्ष डोक्यावर हॅट चढवून बसतो. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक लॉजला आपल्या एप्रनचा रंग ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे. आयर्लंड अजूनही मुखपरंपरेचा आग्रह धरून आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची ग्रँड लॉज स्वतंत्र, आणि त्यात पेनसिल्व्हेनियाचा विधी शेजाऱ्यांहून अगदी वेगळा.

या विविधतेला वेसण घालण्याचा प्रयत्न केंटकीच्या रॉब मॉरिस यांनी १८६० साली केला. सांकेतिक लिपीत छापलेली एक पुस्तिका काढून साऱ्या अमेरिकेत एकच विधी रूढ करण्याचा त्यांचा बेत होता. अनेक ग्रँड लॉजनी त्यास कडाडून विरोध केला आणि पाच वर्षांत ती चळवळ विरून गेली. एकरूपतेचा आग्रह धरणाऱ्याला लोक कटवाला म्हणू लागले. अनेकरूपता मात्र कोणाचीही परवानगी न घेता टिकून राहिली.

हास्याची जागा

प्रत्येक प्रदेशाने विधी जसा आपापल्या परीने घडविला, तशी हास्याची जागाही ठरविली. इंग्रज मेसन विधीच्या वेळी हसत नाही. दालन बंद करून तो जेवणाच्या मेजावर येतो आणि मग भाषणे, गाणी, जाड बुडाचे पेले यांच्या संगतीत चुकलेल्या वाक्यांची उजळणी होते. फ्रेंचांनी तर जेवणालाच लष्करी नाटकाचे रूप दिले. त्यांच्या मेजावर पेल्याला 'तोफ' म्हणतात, मद्याला 'दारूगोळा', मिठाला 'वाळू' आणि सुरीला 'तलवार'. पाण्याला 'कमजोर दारूगोळा' म्हणणाऱ्या माणसाची विनोदबुद्धी शाबूत होती, एवढे मान्य करावयास हवे.

बाहेरच्यांचे हसणे मात्र या संप्रदायाला सुरुवातीला जड गेले. १७४० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या काही टवाळांनी गाढवे, फुटके ढोल आणि चिंध्यांचे पोशाख घेऊन मेसनांच्या वार्षिक मिरवणुकीची विटंबना करणाऱ्या मिरवणुका काढल्या. काही वर्षांतच ग्रँड लॉजने आपली सार्वजनिक मिरवणूक बंद करून टाकली. याउलट, प्रख्यात चित्रकार विल्यम होगार्थ हा स्वतः मेसन. त्याने १७३८ च्या 'रात्र' या चित्रात मद्यधुंद होऊन घरी परतणारा एप्रनधारी मेसन रंगविला. तो लंडनचा एक प्रसिद्ध न्यायाधीश असल्याचे मानले जाते. आतल्या माणसाने आरसा दाखविला तर चालतो, बाहेरच्याने दाखविला तर दार लावून घेतले जाते. संस्थांचा हा स्वभाव तीनशे वर्षांत फारसा बदललेला नाही.

अमेरिकेने हास्यासाठी वेगळे घरच बांधले. १८७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर फ्लेमिंग हे डॉक्टर आणि विल्यम फ्लॉरेन्स हे नट यांच्या पुढाकाराने 'श्राइन' नावाची मेसनांचीच एक जोडसंस्था निघाली. लाल तुर्की टोप्या, अरबी थाटाची नावे, पुढे मिरवणुकांतून धावणाऱ्या चिमुकल्या मोटारी, असा तिचा सारा मौजेचा कारभार. अरबी पोशाखाची ती नक्कल आजच्या दृष्टीला खटकेल. पण याच मौजी लोकांनी १९२२ मध्ये लुईझियानातील श्रीव्हपोर्ट येथे अपंग मुलांसाठी रुग्णालय उघडले आणि पुढे तशा रुग्णालयांची मालिकाच उभी केली. हसणाऱ्यांचे हात रिकामे नसतात, याचे हे चांगले उदाहरण.

परंतु याच देशात हास्याने मर्यादा ओलांडल्याचाही दाखला आहे. दीक्षेच्या वेळी बोकडावर स्वार व्हावे लागते, अशी नवख्याला घाबरविण्याची जुनी थट्टा तेथे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यातील ग्रीनव्हिल येथील डीमोलिन बंधूंच्या कारखान्याने अन्य बंधुसंघांसाठी खरोखरीच यांत्रिक बोकड आणि दचकविणाऱ्या खुर्च्या तयार करून विकल्या. मेसनांच्या अधिकृत विधीत असल्या प्रकारांना कधीच स्थान नव्हते. पण विधीच्या कडेला थट्टा वाढत राहिली. ८ मार्च २००४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पॅचोग येथे एका लॉजच्या तळघरात, सभासदांच्या एका मंडळात नव्या माणसाला घेण्याचा असाच खेळ चालू होता. त्याच्यामागे डबे मांडलेले, समोरून एका वयोवृद्ध सभासदाने पोकळ काडतूस उडवायचे आणि दुसऱ्याने डबे पाडून गोळी लागल्याचा भास निर्माण करायचा, असा बेत होता. त्या वृद्धाच्या एका खिशात खेळातले पिस्तूल होते, दुसऱ्या खिशात खरे. हात चुकीच्या खिशात गेला. ४७ वर्षांचा तो नवा सभासद जागीच ठार झाला.

हा अपघात होता. तरीही त्यातील बोध अपघाताच्या पलीकडचा आहे. डर्मॉट स्वतःच्या संप्रदायाच्या ताठ्याला हसला. पॅचोगच्या तळघरात हसू यावयाचे होते ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या भीतीचे. पहिल्या हसण्यात बळ असलेला स्वतःला लहान करतो, दुसऱ्यात नवख्याला लहान करतो. आपल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून रॅगिंगच्या नावाखाली काय चालत आले आहे, हे ठाऊक असलेल्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना हा फरक अधिक फोडून सांगावयास नको. महाराष्ट्राला त्यासाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

हसण्यावारी न नेण्याजोगे भेद

हॅट घालावी की नाही, वेदी मध्यभागी असावी की पूर्वेला, हे भेद हसण्यावारी नेता येतात. पण काही भेद तसे नव्हते. १८७७ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने सभासदासाठी ईश्वरावरील श्रद्धेची अट काढून टाकली आणि इंग्लंडच्या ग्रँड लॉजने तिच्याशी संबंध तोडले. ती दरी आजही भरलेली नाही. स्त्रियांना बाहेर ठेवण्याच्या रूढीविरुद्ध १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची संयुक्त शाखा निघाली आणि १९०२ साली ॲनी बेझंट तिच्यात दाखल झाल्या. हे तत्त्वाचे वाद आहेत. विनोदाने ते मिटत नाहीत, मिटूही नयेत.

आणखी एक भेद मात्र तत्त्वाचा आव आणून पोसला गेला. प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय गृहस्थाने आपल्या साथीदारांसह बॉस्टनमध्ये एका आयरिश लष्करी लॉजकडून दीक्षा घेतली. १७८४ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्यांना रीतसर सनद दिली. त्यांच्या परंपरेचा विधी गौरवर्णीय लॉजच्या विधीहून फारसा निराळा नव्हता. तरीही अमेरिकेतील गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांना बंधू मानण्यास जवळजवळ दोनशे वर्षे घेतली. आधुनिक काळातील टिकाऊ मान्यतेचा आरंभ १९८९ मध्ये कनेक्टिकट राज्याने केला. विधी तोच, शब्द तेच. वेगळा होता तो फक्त कातडीचा रंग.

आपल्या देशातही हे घडले. भायखळ्याचा 'खडा पारशी' ज्यांचा पुतळा, त्या कर्सेटजी माणेकजींचे चिरंजीव माणेकजी कर्सेटजी यांना मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मिळाला नाही. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, तरी परतल्यावर मुंबईचे दार बंदच. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या सनदेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली आणि भारतीयांना वाट मोकळी झाली. हिंदूंना तर अधिक थांबावे लागले. अनेक देव मानणारा मनुष्य शपथ कोणाची घेणार, असा आक्षेप कलकत्त्यात घेतला गेला. प्रसन्नकुमार दत्त यांनी वर्षानुवर्षे झगडून १८७२ मध्ये तो मोडून काढला. त्याच लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले.

मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरला मेसन झाला. १८८८ मधील 'द मॅन हू वुड बी किंग' या त्याच्या कथेत दोन इंग्रज भामटे काफिरिस्तानात जातात. तेथील लोकांना मेसनांची दुसऱ्या पायरीपर्यंतची खूण ठाऊक असते, तिसरी नसते. या अपुऱ्या पाठांतराच्या भांडवलावर भामटे राजे आणि देव बनतात. आरंभी हसवणारी ही कथा भयानक शेवटाकडे जाते, कारण विधी हा बंधुत्वाचा न राहता हुकमतीचा होतो. साम्राज्याचा पुरस्कर्ता असलेल्या लेखकाच्या हातून हे निसटून गेले, हे लक्षणीय आहे.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी नवी दिल्लीत भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली. इंग्लिश, स्कॉटिश व आयरिश अशा तीन सनदांखाली चालणाऱ्या येथील लॉजपैकी बऱ्याच तिच्यात सामील झाल्या, काही मूळ संघाशी एकनिष्ठ राहिल्या. त्यामुळे तीन देशांतील पाठभेद भारतात एकत्र आले. आणखीही एक भेद येथे रुजला. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे अनेक धर्मग्रंथ येथे एकत्र मांडले जातात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यावयाची असते. कलकत्त्याच्या आक्षेपाला याहून शांत उत्तर देता आले नसते.

फारसी जाणणारे आपले पूर्वज या संप्रदायाच्या घराला 'फरामोशखाना' म्हणत, म्हणजे विसरण्याचे घर. आत काय पाहिले असे विचारले की प्रत्येक मेसन 'विसरलो' म्हणे, म्हणून हे नाव. नाव थट्टेने दिलेले असले तरी विचार करण्याजोगे आहे. एखादे वाक्य विसरले तर हसून पुढे जावे, एवढे शहाणपण या घराने कालांतराने मिळविले. समोरचा मनुष्य आपला बंधू आहे, याचा विसर मात्र त्याला अनेकदा आणि फार काळ पडला, आणि त्या वेळी कोणी मागून आठवण करून दिलीच तर ती ऐकली गेली नाही. आपल्या सभा, मंडळे, संस्था आणि संप्रदाय यांनी आपापल्या दालनात डोकावून पाहिले, तर तेथेही शब्दांच्या चुका टिपणारे पुष्कळ आणि ही दुसरी चूक टिपणारे थोडे, असेच दिसेल.